ठासलेली आहे का, हे लांबून कसं ओळखायचं?



आठ मार्चला भोरच्या मेळाव्यात जे झालं ते एव्हाना वेगवेगळ्या रूपांत तुमच्या कानावर आलं असेल. कुणी म्हणतं, मी पाहुण्यांचा अपमान केला. कुणी म्हणतं, ही स्वतः दर रविवारी पुण्याला जाऊन पिस्तूल चालवते आणि गावच्या मुलींना शिकवायची वेळ आली की अंग काढून घेते. पहिल्या आरोपाचं मला काही वाटत नाही. दुसरा झोंबला, कारण तो अर्धा खरा आहे. तोंडी खुलासे करून मी दमले, म्हणून हे लिहायला बसले.

घडलं ते असं. मेळावा चांगला चालला होता. वेल्ह्याकडून तीन जीप भरून बाया आल्या होत्या. (२०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण बायांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे, माझ्याही.) पाणी, रेशन, दारू यांवर बोलून झालं आणि जेवणाआधी प्रमुख पाहुणे उठले. सहन करायचे दिवस आता संपले, म्हणाले. प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये पिस्तूल पाहिजे! सकाळपासून कुणालाही पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरातच त्यांनी जाहीर करून टाकलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत शंभर मुलींसाठी तीन दिवसांचं शस्त्र प्रशिक्षण शिबिर होईल, छऱ्याच्या बंदुका आम्ही देऊ, प्रमाणपत्रं देऊ, "आणि शिकवायला बाहेरून माणूस आणायची गरज नाही, आपल्या ताई स्वतः नेमबाज आहेत." माइक माझ्या हातात आला. मी म्हणाले, "मी शिकवणार नाही." पुढे काय बोलावं ते त्या क्षणी सुचलंच नाही. पंगत गप्प गप्पच उठली.

निघताना कॉलेजची एक मुलगी मागोमाग स्टँडपर्यंत आली. "ताई, तुम्ही शिकता ते चालतं. आम्ही शिकलो तर काय होतं?" तिला उत्तर देता देता तिची गाडी लागली. राहिलेलं उत्तर इथे देते.

आधी माझं सांगते. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वेल्ह्याची बैठक संपवून स्कूटरवरून परत येत होते. साडेआठ वाजले असतील. विंझरच्या पुढे मागे एक मोटारसायकल लागली. दोघे होते. पुढेही जात नव्हते, मागेही पडत नव्हते. नसरापूरचे दिवे दिसेपर्यंत हे चाललं, मग ते कुठेतरी वळले. झालं काहीच नाही. पोलिसात सांगण्यासारखंही काही नाही. पण त्यानंतर मी बैठका दुपारी चारला संपवायला लागले. आवणीच्या दिवसांत बाई चार वाजता चिखलात असते, ती बैठकीला येणार कुठून? दोन महिन्यांत तीन गटांची हजेरी निम्म्यावर आली. माझ्या भीतीची किंमत त्यांनी मोजली, हे मला पुढे बऱ्याच उशिरा कळलं.

लोकांनी सल्ले दिले. मिरचीची पूड ठेव, कराटे शिक. एक जण तर म्हणाले, "मॅडम, परवाना काढून टाका, आम्ही सही करतो." मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, हिंसेच्या रचनेवर वर्गात निबंध लिहिलेली बाई. पण रस्त्यावर ती रचना आठवत नाही, मागचा हेडलाइट आठवतो. पुण्यातला एक क्लब शोधला आणि रविवारी जायला लागले. भोरात सांगितलं, "मी शूटिंगला जाते," तर शेजारीण म्हणाली, "कुठला पिक्चर?" भोरकरांना शूटिंग म्हणजे राजवाड्यातलंच माहीत. मी खरं काय ते सांगितल्यावर तिचा थोडा हिरमोड झाला.

पहिल्या दिवशी मी त्या कागदावर ते दोन चेहरे चिकटवले होते. मनातल्या मनात, अर्थात. दहा छरे झाडले, त्यातले चार कागदाच्या बाहेर गेले. शिकवणारे सर निवृत्त फौजी, कमी बोलणारे. ते म्हणाले, "मॅडम, कागदावर माणूस बघू नका. कागदही बघू नका. नळीच्या टोकावरची साइट बघा. ती स्वच्छ दिसली पाहिजे, कागद धूसरच दिसणार." या खेळाचं शास्त्रच तसं आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. शत्रूकडे बघाल तर साइट धूसर होते आणि हात कुठे गेला ते कळत नाही. रागाने नेम लागत नाही, हे सुभाषित म्हणून मी शंभर वेळा ऐकलं असेल. इथे ते मिलिमीटरमध्ये मोजून मिळालं.

दहा मीटर एअर पिस्तूल म्हणजे काय, ते बहुतेक जणींना माहीत नसेल म्हणून सांगते. पिस्तूल साधारण किलोभराचं असतं आणि एकाच हाताने धरायचं. दुसरा हात खिशात. छरा साडेचार मिलिमीटरचा. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ते दहा मीटरवर असतं. सुरुवातीचे काही आठवडे छरा मिळतच नाही. रिकामं पिस्तूल उचलायचं, धरायचं, चाप हळूहळू दाबायचा, खाली आणायचं. घरी पिस्तूल कुठलं असणार, म्हणून मी पाण्याने भरलेला तांब्या हात सरळ करून धरत असे. सासूबाई दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी विचारलं, "नवस बोललीस का गं?" सामन्यात साठ फैरी आणि सव्वा तास. २०१८ पूर्वी बायकांना चाळीसच असत आणि पुरुषांना साठ. त्या वीस फैरी बायकांना का झेपणार नव्हत्या ते विचारू नका, झेपतात. माझा आजवरचा सगळ्यात चांगला आकडा सहाशेपैकी ५१७ आहे. कुठल्याही पदकाच्या आसपास न जाणारा आकडा आहे, पण माझा आहे.

आणि रस्ता? त्या रस्त्यावर मला अजून भीती वाटते. माझं पिस्तूल-शिक्षण तिथे कणभर कामाला येत नाही. बैठका पुन्हा संध्याकाळी सुरू झाल्या त्या दोन साध्या गोष्टींमुळे: मी आता बैठकीच्या गावीच मुक्काम करते आणि नाहीच जमलं तर एकटी निघत नाही. हे मला क्लबात कुणी शिकवलं नाही, गटातल्या बायांनी ठरवलं.

आता पाहुण्यांच्या पर्समधल्या पिस्तुलाकडे येते. असं पिस्तूल खरोखर बाळगणारी एक बाई माझ्या माहितीत आहे, माझी मावसबहीण. ती टेक्सासमध्ये राहते आणि तिथे 'बचावाच्या धर्तीवरच्या' पिस्तूल सामन्यांना जाते. आयडीपीए नावाची संघटना १९९६ साली अमेरिकेत निघाली, तिचे हे सामने. जाकिटाखाली कमरेला लपवलेलं पिस्तूल काढायचं, आडोशामागून पुठ्ठ्याच्या माणसांवर झाडायचं, गोष्ट अशी की तुम्ही दुकानात आहात, एटीएमपाशी आहात, पार्किंगमध्ये आहात आणि चोर आले. लागलेला वेळ मोजतात, नेम मधल्या वर्तुळाबाहेर गेला की सेकंद वाढवतात. काही पुठ्ठे निरपराध माणसांचे असतात, त्यांना गोळी लागली तर पाच सेकंदांचा दंड. तिला हे सुरू करताना आधी सुरक्षिततेचा पाठ घ्यावा लागला: पंचाने सांगेपर्यंत पिस्तूल रिकामं, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, नळी कधीही माणसांकडे वळवायची नाही, वळली तर थेट घरी. ती म्हणते, पहिल्या सामन्यात ती शेवटून दुसरी आली आणि महिनाभर खूश होती. मी तिची थट्टा करत नाही. परक्या मुलखात एकटी राहणारी बाई आहे, खेळात तिला मैत्रिणी मिळाल्या, हात स्थिर झाला.

पण मी तिला एकदा विचारलं, तुमच्या त्या गोष्टींत चोर असतो, दरोडेखोर असतो. नवरा असतो का गं कधी? ती हसली, मग थोडा वेळ फोनवर गप्प राहिली. ती खेळलेल्या एकाही सामन्यात नव्हता.

आपल्याकडे तो खेळ कुणाला सुरू करताच येणार नाही, ही गोष्ट वेगळी. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्या कायद्याने निषिद्ध बोअरमध्ये येतं, सामान्य नागरिकाला मिळत नाही. तेव्हा मेळाव्यातल्या घोषणेचा अर्थ काय, तर छऱ्याच्या बंदुकीने तीन दिवस फटाफट डबे उडवायचे आणि मुलीला सांगायचं की आता तू सुरक्षित आहेस. हे धादांत खोटं आहे. आणि ते खोटं मी माझ्या तोंडाने सांगणार नाही, एवढंच मला त्या माइकवर म्हणायचं होतं.

पण माझा नकार नुसता तत्त्वाचा नव्हता. त्याच्यामागे एक बाई आहे. तिचं गाव सांगत नाही. वेल्ह्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथे पावसात चार महिने वीज येते आणि जाते, तिथलं समजा. आमच्या केंद्रात तिची केस दीड वर्ष होती. मी तिच्या घरी चार वेळा गेले होते. मारहाण, दारू, माहेरून पैसे आणण्याचा तगादा, हे सगळे रकाने भरलेले होते. पाचव्यांदा गेले तेव्हा ती भात निवडत होती. खाली बघतच म्हणाली, "ताई, तुमी बंदूक शिकताय म्हनं." मी म्हटलं, हो, खेळातली. तर म्हणाली, "मंग ठासल्याली हाय का न्हाई, ते लांबनं कसं वळखायचं?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने हनुवटीने आतल्या भिंतीकडे दाखवलं. खुंटीवर ठासणीची बंदूक. सासऱ्याच्या वेळची, रानडुकरांसाठी काढलेल्या पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. मी चार वेळा त्या भिंतीला पाठ लावून चहा प्याले होते. नवऱ्याने ती तिच्यावर कधी रोखली नव्हती. तो फक्त, भांडण पेटलं की, ती खाली काढायचा आणि मांडीवर घेऊन तेलाच्या फडक्याने पुसत बसायचा. बोलायचा नाही. ती मग सकाळपर्यंत बोलायची नाही, मुलंही बोलायची नाहीत. अशा किती रात्री गेल्या ते तिने मोजलेलं नव्हतं.

उत्तर तर द्यायचं होतं. ठासणीच्या बंदुकीत नळीत गज सोडून बघतात. आत दारू नि छरे असतील तर गज पूर्ण खाली जात नाही. पण त्यासाठी बंदूक हातात पाहिजे. मी सांगितलं, "लांबून नाही कळत." ती म्हणाली, "मला बी तसंच वाटलं व्हतं." आणि भात निवडायला लागली.

या बाईला तीन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र देऊन काय करायचं? तिच्या घरात शस्त्र आहे. ते परवान्याचं आहे. ते शेताच्या रक्षणासाठी आहे. या दोन तालुक्यांत मी जेवढे परवाने बघितले ते सगळे पुरुषांच्या नावावर आहेत, आणि उद्या एखादा बाईच्या नावावर निघाला तरी बंदूक टांगायची खुंटी कुणाच्या घरातली असणार? सातबाऱ्यावर नाव लागून तिला जमीन कितपत मिळाली, हे आपण सगळ्या जणी जाणतो.

हे एका बाईचं नाही. नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत दर वर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी बाईच्या ओळखीतले असतात, हे सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल सांगतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या दर शंभरात २९ बायांनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती शंभरात चौदा जणींनी. बंदुका उदंड असलेल्या अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ शहरांतल्या, जोडीदाराकडून मारल्या गेलेल्या बायांचा अभ्यास केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. मारझोड करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असली तर बाईचा खून होण्याचा धोका पाच पटींहून जास्त निघाला. पर्समध्ये पिस्तूल म्हणणाऱ्यांनी पर्स रात्री कुठे ठेवलेली असते याचा विचार केलेला नसतो.

आपल्याकडे हा प्रयोग होऊनही गेला आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि ते यायचं दागिन्यांसारख्या मखमली डबीत! आमच्या एका बैठकीत बायांनी हिशेब केला: साडेतीनशे रुपये रोज धरला तर साडेतीनशे दिवसांची मजुरी. आवणी वर्षातून किती दिवस असते? एक म्हातारी म्हणाली, त्यापेक्षा डबीच द्या, डबी चांगली असंल.

हसण्यावारी नेलं तरी त्या डबीमागचा विचार हसण्यासारखा नाही. तुझ्यावर हल्ला होणार, हे गृहीतच आहे. आता तुझं तू बघ. शेवटची एसटी का बंद झाली, फाट्यावर दिवा का नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडे दोन-दोन तालुक्यांचा भार का, हे कुणी विचारायचं नाही. सरकारी शाळांतून मुलींना तीन महिन्यांचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण मिळतं. मिळू दे, अंग मोकळं होतं, मुली ओरडायला शिकतात. पण त्याच शाळेत मुलग्यांसाठी तीन महिन्यांचं काय असतं?

त्या बाईची केस पुढे नेताना मी जे शिकले ते मात्र सविस्तर सांगते, कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे. ती सहज म्हणून गेली की "इलेक्शनच्या टायमाला बरं व्हतं." २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. आचारसंहिता लागली की परवान्याच्या शस्त्रांची छाननी होते आणि समिती सांगेल ती शस्त्रं निकाल लागेपर्यंत पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तिच्या घरची बंदूक दोन्ही वेळा जमा झाली होती. त्या दिवसांत भांडणं झाली, मारही बसला, पण मी माणसासारखी उलट बोलले, म्हणाली. तेव्हा मला उजेड पडला. मतदाराला निर्भयपणे मत देता यावं म्हणून हे सरकार महिना-दीड महिना घरोघरची शस्त्रं गोळा करू शकतं. यंत्रणा आहे, नोंदवही आहे, पावती आहे. बाईला निर्भयपणे घरात झोपता यावं म्हणून तेवढीच यंत्रणा का हलू नये?

कायदा आडवा येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. आपल्याकडे ते म्हणजे जिल्हाधिकारी. घरगुती हिंसाचार कायदा २००५ चा, त्याचे नियम २००६ चे. त्या नियमांत लिहिलं आहे की दंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं तर संरक्षण अधिकाऱ्याने, गरज पडल्यास पोलिसांची मदत घेऊन, हिंसेशी संबंध असलेलं शस्त्र जप्त करायचं. मी स्वतः हा नियम केस सुरू झाल्यावर वाचला, इतकी वर्षं काम करून! एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "गोळी झाडली का? मग पुसण्याला गुन्हा कसा म्हणायचा?" मी म्हटलं, साहेब, तुमच्यासमोर कुणी दररोज रात्री पुसत बसला तर तुम्ही काय म्हणाल? ते म्हणाले, अर्ज ठेवून जा. तीन खेपा झाल्या, मग वकीलताईंनी दंडाधिकाऱ्यांपुढे मागणी केली. बंदूक सध्या ठाण्यात आहे. परवान्याचा निर्णय व्हायचा आहे. नवरा म्हणतो, डुकरं भात खाऊन जातील. त्याचं ते म्हणणं खोटं नाही. डुकरं खातातच, आणि वनखात्याची भरपाई मिळायला किती चपला झिजतात ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या प्रश्नावरही आम्ही त्याच्याच गावात अर्ज भरून घेतले. पण डुकरांचा बंदोबस्त बायकोच्या उशापाशी टांगून करता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींशीही थोडं भांडायचं आहे. मेळाव्यानंतर पुण्याहून एका ज्येष्ठ ताईंचा फोन आला. शाबासकी दिली आणि वर म्हणाल्या, "आता ते पिस्तुलाचं खूळही सोड. शस्त्र ते शस्त्र. पुरुषी खेळ आहे." ताई, तुमच्या हाताखाली मी चळवळीत आले, पण हे मला मान्य नाही. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत होती म्हणून तिच्या हातात रायफल आली, आणि २००० साली ती सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. कोल्हापूरचीच राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात २०१८ च्या एशियाडचं सुवर्णपदक घेऊन आली. नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. त्या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद लपतं. त्या तीन सेकंदांत खालून हात वर आणून एक गोळी. यात पुरुषी काय आहे? एकाग्रता पुरुषी आहे? की स्वतःसाठी तास-दीड तास घालवणं पुरुषी आहे? मला तर वाटतं, आपल्या बाईला आयुष्यात कुणी सव्वा तास एका जागी, गप्प, स्वतःच्याच श्वासाकडे बघत उभं राहू दिलेलं नाही. चुलीवरचं दूध तरी बघावं लागतं.

आणि इथेच स्टँडवरच्या त्या मुलीचा प्रश्न येतो. तिचा आरोप अर्धा खरा आहे, म्हणाले ना, तो असा. मला डबे उडवायचं शिबिर घ्यायचं नव्हतं, पण त्याऐवजी दुसरं काही द्यायचं तीन वर्षांत मला सुचलं नव्हतं. मी रविवारची गाडी पकडून माझा आनंद घेऊन येत होते. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं, तिथे उत्तम रेंज आहे. भोरहून ते साठ-सत्तर किलोमीटर. केळदच्या मुलीला तीन गाड्या बदलून जायचं तर सराव करून परत यायला रात्र होणार. रक्षणासाठी शिकायला जायचं आणि परत येताना पुन्हा विंझरच्या पुढे तीच मोटारसायकल!

म्हणून मागणी साधी करते आहे. दोन्ही तालुक्यांच्या क्रीडा संकुलांत दहा मीटर एअर पिस्तूल आणि रायफलच्या चार-चार लेन हव्यात. त्यासाठी मैदान लागत नाही. मागे भक्कम भिंत असलेली, आत-बाहेर जायला एकच दार असलेली लांबट खोली पुरते. ०.१७७ इंची छऱ्याच्या हत्यारांना परवाना लागत नाही. स्पर्धेचं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, ते मुलीच्या बापाला झेपणार नाही, म्हणून हत्यारं संकुलाची, कुलपात, प्रशिक्षकाच्या ताब्यात. कुणीही घरी नेणार नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आणि तीन दिवसांचं नको, वर्षभराचं हवं, शाळेच्या वेळापत्रकात, मुलग्यांबरोबर. भिंतीवर 'अबला नव्हे सबला' असलं काही लिहायचं नाही. तिथे मुलगी आली तर ती खेळायला आलेली असेल. तिला हरताही आलं पाहिजे, कंटाळून सोडताही आलं पाहिजे. जी गोष्ट जीव वाचवण्यासाठी शिकवतात ती कंटाळून सोडता येत नाही.

पाहुण्यांनाही मी हे पत्राने कळवलं आहे. छऱ्याच्या बंदुका द्यायची त्यांची तयारी होती, तेव्हा तेवढेच पैसे लेनसाठी द्या, असं लिहिलं. उत्तर अजून नाही. क्लबच्या सरांनी मात्र महिन्यातून एक शनिवार भोरला यायचं कबूल केलं आहे, स्वतःचं पिस्तूल घेऊन. अकरा मुलींनी नावं दिली. पहिल्या शनिवारी त्यांना छरा मिळणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं, तर तीन जणींनी नावं काढून घेतली. स्टँडवरचीने ठेवलं.

गटांना एक विनंती. आमच्या केंद्राच्या केसपेपरवर आता नवा रकाना आहे: घरात किंवा गोठ्यात बंदूक आहे का, परवाना कुणाच्या नावावर, कुठे ठेवतात, भांडणात कधी खाली काढली का. प्रश्न बाईला एकटीला विचारायचा, आणि चहा पिऊन झाल्यावर नव्हे, आधी. नमुना सोमवारी आणि गुरुवारी भोरच्या केंद्रात मिळेल. झेरॉक्सचे दोन रुपये आणावेत.